न्हाणीच्या भिंतीला काय म्हणायचं

परक्यांच्या न्हाणीत शिरून तिथल्या भिंती चाचपणं हे माझं काम होतं, असं सांगितलं की आमच्या नातसुना एकमेकींकडं बघून हसतात. हसू देत. बेळगाव, शहापूर, निपाणी आणि मधल्या गावांत मी किती न्हाण्या बघितल्या ते आता सांगता येणार नाही. पण त्या काळी एवढ्या घरांत, आणि घरांच्या इतक्या आतपर्यंत गेलेली बाई, एक सुईण सोडली तर दुसरी नसेल.

घर विकायचं असो, गहाण टाकायचं असो की भावाभावांत वाटायचं असो, आधी त्याची किंमत ठरवावी लागते. आमच्या भागात त्यासाठी लोक आप्पांना बोलावत. आप्पा सरकारी बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. काळा कोट, डोक्याला फेटा, खिशात घडीची लाकडी पट्टी. भिंतीला ओळंबा लावायचे, वाशांना काठीनं टोकून कान देऊन ऐकायचे, कौलांवर नजर टाकायचे आणि घराचं वय सांगायचे. सगळं घर ते बघत, फक्त न्हाणीशी येऊन अडत.

एकदा बेळगावातल्या एका घरात म्हातारी सासू न्हाणीच्या दारात पाट टाकूनच बसली. परक्या बाप्यानं न्हाणी बघायची न्हाय, भिंत उभी हाय एवढं लिव्हा, असं तिनं आप्पांना ऐकवलं. आप्पांनी बाहेरूनच अंदाज बांधला आणि ‘साधा गिलावा’ असं लिहून दिलं. पुढं आत निघाला घोटीव चुना, तोही असा की हात ठेवला तर घसरावा. घर कमी किमतीला जायचं थोडक्यात वाचलं. आप्पांना हे फार लागलं. त्याच आठवड्यात ते आमच्या घरी आले.

माझे वडील गवंडी होते आणि आप्पांच्या हाताखाली त्यांनी बरीच सरकारी कामं केली होती. वडिलांना जेवण पोचवायला जाता जाता चुन्याची घाणी, चाळलेली वाळू, भिंतीवर थापी कशी फिरते हे मी लहानपणापासून बघत आले होते. मुलींच्या शाळेत चार यत्ता झाल्यामुळं लिहिताही येत होतं. भिंत कळणारी आणि लिहिता येणारी बाई आप्पांना हवी होती, आणि गावात तशी मी एकटीच त्यांच्या माहितीची. सासूबाईंना हे पसंत नव्हतं. लोकांच्या न्हाण्या बघत फिरायचं म्हणजे काय, असं त्या दोन दिवस म्हणत राहिल्या. माझे यजमान छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. ते म्हणाले, “मी लोकांचं लिहिलेलं न वाचता जुळवतो. ही बघून तरी लिहील.” मी कामाला लागले. आप्पा मला आक्का म्हणू लागले.

एका एवढ्याशा न्हाणीच्या भिंतीला इतकं महत्त्व कशाला, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती मातीच्या, फार तर खाली जांभा आणि वर माती. पाऊस बाहेरून येतो, त्याला अडवायला पुढं आलेली कौलं आणि झडपा असतात. न्हाणीतलं पाणी मात्र आतून येतं, रोज येतं, वर्षानुवर्षं येतं. भिंतीला नीट काही लावलेलं नसेल तर माती पाणी पीत राहते आणि एक दिवस शेजारच्या स्वयंपाकघरासकट खाली बसते. म्हणून आप्पा म्हणायचे, माणसाची तब्येत जिभेवरून आणि घराची न्हाणीवरून बघावी.

आता या लावण्याला नावं होती. नुसतं शेणमातीचं ते लिंपण. चुना-वाळूचा तो गिलावा. त्याच चुन्यात गुळाचं पाणी घालून, वर दगडानं घासून घासून चकाकी आणली की घोटीव चुना. हे काम करणारे हात तेव्हाच कमी होत चालले होते. शहाबादी दगड उभे करून बसवले की फरशी. आणि पांढऱ्या चकचकीत चिनी टाइल, ज्यांना बायका ‘बशीची भिंत’ म्हणायच्या. हे सगळं भिंतीच्या अर्ध्यापर्यंतच असेल तर त्याला आप्पा ‘डॅडो’ म्हणत. मला तो शब्द ‘दादो’ असा ऐकू आला आणि पहिला महिनाभर मी तसाच लिहिला. आप्पांनी तो कधी खोडला नाही. गवंडी लोकही दादोच म्हणतात, त्यांना समजलं म्हणजे झालं, असं त्यांचं म्हणणं. शब्दाच्या बाबतीत त्यांचा हट्ट एकच असायचा. जो शब्द लिहू तो खरा पाहिजे, आणि ज्याच्यासाठी लिहितो त्याला वाचून डोळ्यांपुढं भिंत दिसली पाहिजे.

न्हाणीत मी आणि त्या घरची बाई अशा दोघीच असायचो. दार लोटलेलं. मी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करत असायचे आणि ती बाई बोलायला लागायची. सगळ्या घरात बाईला दार लावून घेता येईल अशी ती एकच जागा. तिथं सुना रडून घ्यायच्या, हे मला कितीतरी जणींनी सांगितलं. मी ते कुणाला सांगितलं नाही आणि इथंही सांगणार नाही.

निपाणीच्या एका गिऱ्हाइकाचं मात्र सांगायला हरकत नाही. तंबाखूच्या वखारीचे मालक, बाळगोंडा अण्णा. उंचेपुरे, मोठ्यानं बोलणारे, मनानं दिलदार. त्यांना घर तारण ठेवून धंदा वाढवायचा होता. आम्ही मोटारीतून उतरलो तेव्हा अंगभर धूळ आणि नाकात तंबाखूचा वास. निपाणीत उतरलं की शिंका आल्याशिवाय राहत नसत. अण्णांनी चहा व्हायच्या आधीच सांगून टाकलं की न्हाणी बघा, मुंबईहून कारागीर आणून विलायती टाइल लावून घेतल्यात, तसंच लिहा. त्यांच्याकडं पाहुणा आला की आधी न्हाणी दाखवायची पद्धत होती म्हणे. तिथं आप्पांनाही मज्जाव नव्हता, पण आप्पांनी नेमाप्रमाणं मलाच पाठवलं.

न्हाणी खरोखर देखणी होती. छातीपर्यंत पांढऱ्या टाइल, वर हिरवा काठ. पण जमीन कोरडी ठाक, मोरीच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलेलं. अण्णांच्या कारभारीण, चंपाक्का, माझ्यामागं उभ्या होत्या. त्यांना विचारलं तर त्या हळूच म्हणाल्या की आंघोळ सगळी अजून घरामागच्या परड्यातच होते, जुन्या बंबाजवळ. आमच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात, तशा त्या म्हणाल्या, “एकदा बसलो हितं आंघोळीला. जिकडं बघावं तिकडं टायलीत मीच. मीच मला बघायलोय. लाज वाटली बगा, उठून आलो.”

मी भिंतीवर टकटक केली. दाराच्या बाजूच्या टाइल भरीव वाजल्या, पण घंगाळ्याच्या बाजूची अख्खी भिंत डब्यासारखी बोलली. मागं माल नीट भरलेलाच नव्हता. पाणी पडलं असतं तर वर्षा-दोन वर्षांत सगळी भिंत सुटली असती. पडलं नव्हतं म्हणून उभी होती. मी तसंच लिहिलं: विलायती चिनी टाइल, छातीएवढ्या, एक बाजू पोकळ. अण्णांनी ते वाचून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. ‘पोकळ’ हा शब्द सावकाराच्या डोळ्यांपुढं जाणार म्हणजे सगळ्या वखारींत फिरणार, असं ते म्हणाले आणि तेवढा काढायची त्यांनी विनंती केली. आप्पांनी शांतपणे सांगितलं की शब्द निघेल, पण आधी भिंत भरून घ्या, मग आक्का परत येऊन वाजवून बघेल.

अण्णा चिडतील असं मला वाटलं होतं. ते तसे नव्हते. त्यांनी गावातला गवंडी लावून ती बाजू पुन्हा बसवून घेतली. मी परत गेले तेव्हा भिंत भरीव वाजली आणि शब्द निघाला. चंपाक्कांनी त्या संधीचा फायदा घेऊन बंबही आत आणवला आणि टाइलांच्या वर या टोकापासून त्या टोकापर्यंत साडी वाळत घालायची दोरी बांधून घेतली. साड्या लटकल्या की भिंतीत कुणी दिसत नाही, असं त्या मला म्हणाल्या. अण्णांना त्या दोरीचं फार दुःख झालं.

पुढं दुसरी मोठी लढाई आली. सिमेंट सरकारच्या ताब्यात गेलं, टाइल दिसेनाशा झाल्या, मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालू लागल्या. लोक मिळेल ते भिंतींना लावू लागले. घासलेटच्या डब्यांचे उलगडलेले पत्रे, जुन्या पाट्या, डांबर. आमचे शब्द अपुरे पडायला लागले. शहापूरची गोष्ट त्याच दिवसांतली.

शहापूर तेव्हा संस्थानात होतं, पण घरांच्या वाटण्या सगळीकडं सारख्याच. विणकर गल्लीतलं घर. पुढच्या सोप्यात दोन माग, मागं एक खोली, तिच्या पाठीला परडं आणि परड्याच्या कोपऱ्यात न्हाणी. थोरला भाऊ परसू आण्णा, धाकटा शिवा. शिवा आदल्या वर्षी छातीच्या आजारानं गेला होता. त्याची बायको रखमाक्का मागं राहिली, मूलबाळ नाही. पण हातात माग होता. तिच्या साड्यांचे काठ पेठेत ओळखले जायचे.

पंचांनी वाटणी अशी ठरवली होती की पुढचा सोपा आणि परडं परसूचं, मागची खोली रखमाक्काची आणि एक माग तिचा. अडलं होतं न्हाणीपाशी. पक्की असेल तर ती घराचा भाग, म्हणजे मागच्या खोलीबरोबर रखमाक्काकडं जाणार. नुसता आडोसा असेल तर परड्याचा भाग, म्हणजे परसूची. परसूला त्या कोपऱ्यात सूत रंगवायचं टाकं बांधायचं होतं. तो काही दुष्ट माणूस नव्हता. सहा तोंडं खाणारी, रंगवलेलं सूत बाहेरून आणणं लढाईच्या दिवसांत परवडत नव्हतं, आणि पाणी आणि उतार असलेली परड्यात तीच एक जागा. पण न्हाणी गेली तर रखमाक्कानं काय करायचं? एकट्या बाईनं गल्लीतल्या विहिरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढं आंघोळ करायची? ते व्हायचं नव्हतं. ती माग मोडून खानापूरकडच्या माहेरी गेली असती आणि भावजयीच्या घरात भांडी घासत राहिली असती. हे पंचांनाही कळत होतं. म्हणून तर त्यांनी किंमत करणाऱ्याला बोलावलं.

आम्ही गेलो तेव्हा परसू आण्णा परड्यात उभा होता. त्यानं आप्पांना सांगितलं, “बघायला काय न्हाय वो. मातीची भिंत, वर फुटकी खापरं चिकटिवल्यात.” रखमाक्का दाराआड होती. तो थोरला दीर, त्यामुळं ती त्याच्यापुढं येत नव्हती की त्याच्याशी बोलत नव्हती. मला मात्र ती हाताला धरून न्हाणीत घेऊन गेली.

खापरंच होती, हे खरं. मंगळूरी कौलांचे तुकडे. पण असे मी कधी पाहिले नव्हते. प्रत्येक तुकडा कडेनं घासून सरळ केलेला, गुळगुळीत बाजू बाहेर, एकाला एक असा लागून बसवलेला की मधल्या सांध्यात नख जाऊ नये. सांध्यात चुना आणि विटांची भुकटी, त्यावर तेलाचा हात. सगळ्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत. फक्त आतल्या कोपऱ्यात एका ठिकाणी ती कौलं वर चढत गेली होती, हातभर रुंदीत, बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत. ते काम कुणाचं म्हणून विचारलं तर ती म्हणाली, माझंच. वखारीचं छप्पर बदलत होते तिथून तुकडे गोळा करून आणले होते.

मी टकटक करून बघितलं. कुठंच पोकळ नव्हतं. मग एक घागर मागून घेतली आणि सगळं पाणी कौलांवर मारलं, दुसरी मारली, तिसरी मारली. थोडा वेळ थांबून मी बाहेरून, परड्याच्या बाजूनं त्याच भिंतीला तळहात लावला. माती कोरडी होती. गरम होती उन्हानं.

आप्पांना मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांची अडचण मला समजत होती. गिलावा म्हणावं तर नाही, फरशी नाही, टाइल म्हटलं तर खोटं. आणि ‘कौलांचे तुकडे’ म्हटलं तर खरं, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं उकिरडा येणार. ते म्हणाले, तू काय बघितलंस ते तुझ्या शब्दांत सांग, माझ्या नको. मी म्हटलं, भिंतीला आतून अस्तर लावलंय. ते म्हणाले, अस्तर काढता येतं. मी म्हटलं, अंगावर घेतलेली चादर काढता येते, शिवलेलं अस्तर काढलं तर बंडी फाटते. हे शिवलेलं आहे.

आप्पांनी पंचांपुढं ‘कौलाचं पक्कं अस्तर’ असंच सांगितलं. विणकरांची पंचायत, अस्तर काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. दोघा पंचांनी माना हलवल्या. परसूनं मात्र मान्य केलं नाही. तो रागानं नव्हे, थकून बोलत होता. बायकाबायकांनी बघून ठरवलेलं त्यानं का मानायचं, असं त्याचं म्हणणं. आणि मानायचं नसेल तर त्यानं स्वतः बघायचं कसं? भावजयीची न्हाणी; तो स्वतः विहिरीवर आंघोळ करायचा, खापरांचंही नुसतं ऐकलेलं, आत त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. आता हे लांबणार आणि लांबलं की बाईच माहेरी जाणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात रखमाक्का दाराआडून बाहेर आली. डोक्यावरून पदर पुढं ओढलेला. बोलली माझ्याशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“आक्का, सगळ्यास्नी सांगा, आत येऊन बघा म्हणून. आज बघू द्यात. उद्यापासनं कुणी बघायचं न्हाय.”

पंचांनी वहाणा काढल्या. का काढल्या कुणास ठाऊक, न्हाणीत जाताना कुणी वहाणा काढत नाही. दोघं आत जाऊन आले. परसू शेवटी गेला. मी दारातच होते. त्यानं भिंतीवरून हात फिरवला, सांध्यातून नख ओढून बघितलं. विणकराची बोटं, त्यांना वीण कळते. मग तो त्या आतल्या कोपऱ्यापाशी थांबला, जिथं कौलं वर चढली होती. हे हितंच का वर नेलंय, असं त्यानं भिंतीकडं बघतच विचारलं.

रखमाक्का माझ्याकडं बघून बोलली. “त्यास्नी सांगा. ह्येंला हितं पाटावर बसवून आंघोळ घालत होतो. बसवत नव्हतं, पाठ भिंतीला टेकायची. टेकली की पाठीला माती लागायची, धुतलेलं अंग परत मळायचं. म्हणून तिथं डोक्यापतोर लावलं.”

मी ते पुन्हा सांगायची गरज नव्हती. परसू त्या कोपऱ्याकडं बघत उभा राहिला. शेवटच्या महिन्यांत तो साड्या घेऊन बाजारोबाजार फिरत होता, हे मला नंतर कळलं. बाहेर जाऊन विकणारा तो एकटाच उरला होता. भावाला कोण धुतं, कसं धुतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं खाली वाकून त्या उंच कौलांना तळहात लावला, तसाच ठेवला. मग बाहेर आला आणि आप्पांना म्हणाला, “घराचीच हाय न्हाणी. लिव्हा तसं.”

पुढं त्यांच्या दरपत्रकात ‘कौलाचं पक्कं अस्तर’ ही ओळ चढली आणि लढाई संपेपर्यंत आम्ही ती कितीतरी घरांना वापरली. स्वातंत्र्य आलं, आप्पा थकले, छापील तक्ते आले, त्यात सगळे शब्द आधीच ठरलेले. नवीन घरांतल्या न्हाण्या दाखवायला पुरुष-बायका दोघंही पुढं होऊ लागले. माझं काम आपोआप संपलं. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. आमच्या स्वतःच्या न्हाणीला शेवटपर्यंत लिंपणच होतं, हेही सांगून टाकते.

पण शहापूरचं एवढं सांगायचं राहिलं. महिनाभरानं मी त्या गल्लीत साडी आणायला गेले होते. परसूनं टाक्यासाठी परड्यातली वरची, अडचणीची जागा धरली होती. पाणी लांबून आणावं लागणार होतं. खड्डा खणून झाला होता आणि आत रखमाक्का उतरली होती, पदर खोचून, हात चुन्यानं भरलेले. ती टाक्याला आतून कौलं लावत होती. काठावर परसू बसला होता, कौलाची कड दगडावर घासत. दोघांचं बोलणं अजूनही नव्हतं, रीतच नव्हती ती. ती मागं न बघता हात वर करायची आणि तो घासलेलं कौल त्या हातात ठेवायचा.